आधी अर्ज, मग गाजावाजा

पुण्यात काय किंवा कोल्हापुरात काय, नावाजलेल्या जुन्या दुकानावर ‘आमची कोठेही शाखा नाही’ अशी पाटी हमखास सापडते. बाहेरगावचे लोक तिला विक्षिप्तपणा समजून हसतात. खरे तर ती तक्रार असते. आपल्या नावाशी मिळतेजुळते नाव लावून चार दुकाने सोडून कुणीतरी बसला आहे, आणि त्याला थांबवायला मालकाकडे पाटी रंगवण्यापलीकडे उपाय नाही, निदान तो असल्याचे त्याला ठाऊक नाही.

नवा धंदा काढणाऱ्याला किंवा वर्कशॉपमध्ये काही नवे यंत्र जुळवणाऱ्याला धास्ती असते ती मोठ्या कंपनीची. आपली आयडिया ढापतील! ढापणारे असतात, नाही असे नाही. पण हक्क बुडाल्याच्या हकिकती नीट ऐकल्या तर त्यांत चोर फार उशिरा येतो. त्याआधीच मालकाने सगळे चारचौघांत सांगून टाकलेले असते, किंवा कागद भलत्याच्याच नावावर असतात, किंवा उत्तर द्यायची तारीख उलटून गेलेली असते. या गोष्टी आपल्या हातातल्या आहेत, म्हणून इथे भर त्यांच्यावरच आहे.

आपल्याकडे नेमके काय आहे?

‘मला माझी आयडिया पेटंट करायची आहे’ हे वाक्य पेटंट एजंट आणि वकील रोज ऐकतात. नुसत्या कल्पनेला कोणताच कायदा संरक्षण देत नाही. ती कशात उतरली आहे ते पाहावे लागते. समजा, लासलगावजवळच्या एका वर्कशॉपमध्ये कांद्याची प्रतवारी करणारे यंत्र तयार झाले. टरफल न निघता कांदा आकारानुसार वेगळा व्हावा म्हणून आत जी यंत्रणा बसवली, ती पेटंटचा विषय. यंत्राचे बाहेरून दिसणारे रूप डिझाइन नोंदणीचा. त्यावर रंगवलेले नाव आणि चिन्ह ट्रेडमार्कचा. माहितीपत्रक, फोटो, ड्रॉइंग, सोबतच्या मोबाइल ॲपचा कोड हे सारे कॉपीराइटचे. आणि आतल्या पट्ट्यांचे रबर कुठून, कोणत्या मिश्रणाचे बनवून घेता, हे कुणालाही न सांगण्याचे.

पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे चालते आणि संपते. डिझाइन १० वर्षे, वाढवून आणखी ५. कॉपीराइट लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे टिकतो, आणि त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. ट्रेडमार्क मात्र दर १० वर्षांनी नूतनीकरण करत राहिलात तर नातवंडांपर्यंत चालतो. मला विचाराल तर बहुतेक छोट्या व्यावसायिकांनी पहिला खर्च नावावर करावा. पेटंटच्या मागे धावणाऱ्यांत असे कितीतरी असतात की ज्यांच्या उत्पादनात पेटंट मिळण्याजोगे काही नसते, आणि ज्या नावावर गिऱ्हाईक येते ते नाव उघड्यावर पडलेले असते.

नाव परवान्यावर आहे, म्हणून आपले आहे?

गुमास्ता परवान्यावर नाव आहे, जीएसटीवर आहे, खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयच्या परवान्यावर आहे, प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी निबंधकाकडेही आहे. तेव्हा नाव आपले झाले, असे बहुतेकांना वाटते. हे परवाने धंदा करण्याचे आहेत. दुसऱ्याला ते नाव वापरण्यापासून रोखण्याचा हक्क त्यांतून मिळत नाही. तो १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली नोंदणी केल्याने मिळतो, किंवा नोंदणी नसेल तर वर्षानुवर्षांच्या वापरातून, पण मग तो वापर कोर्टात कागदांनी सिद्ध करत बसावे लागते.

नाव ठरवतानाच अर्धे काम होते किंवा बिघडते. ‘गावरान तूप’, ‘घाण्याचे तेल’, ‘मालवणी मसाला’ ही नावे गिऱ्हाइकाला चटकन कळतात, आणि नेमकी म्हणूनच ती कुणा एकाची होऊ शकत नाहीत. वडेवाले, अमृततुल्य, खानावळ हे शब्द सगळ्या गावाचे. आडनावाचेही तसेच. जोशी, पाटील किंवा शिंदे या नावावर एकट्याचा ताबा सांगणे कठीण असते, आणि स्वतःचे आडनाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्याला कायदा अडवत नाही. आपल्याकडे आडनावाने दुकान काढण्याची हौस मोठी. पुढे दोन चुलत भाऊ वेगळे झाले की दोघांचेही आडनाव खरेच असते. जमत असेल तर मालाशी संबंध नसलेला किंवा नव्याने घडवलेला शब्द घ्या. सुरुवातीला तो समजावून सांगावा लागेल, पण तो सांभाळणे सोपे जाते.

पाटी रंगवण्याआधी आणि पाऊच छापण्याआधी आयपी इंडियाच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट शोध घेता येतो. फक्त जसेच्या तसे नाव पाहून थांबू नका. कानाला सारखी लागणारी नावेही पाहा. रोमन लिपीतले वेगवेगळे स्पेलिंग घालून बघा, कारण ‘श्रीजी’ चार तऱ्हांनी लिहिलेले सापडेल. माल आणि सेवांचे एकूण ४५ वर्ग आहेत. मसाले ३० मध्ये, लोणची २९ मध्ये, कोकम सरबत ३२ मध्ये, उपाहारगृह ४३ मध्ये, शेतीची यंत्रे ७ मध्ये. म्हणजे मसाले, लोणची आणि सरबत विकणाऱ्या घरगुती उद्योगाला तीन वर्ग लागतात, आणि शुल्क वर्गागणिक आहे: ऑनलाइन अर्जाला व्यक्ती, मान्यताप्राप्त स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,०००. भागीदारी किंवा कंपनी असेल आणि उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र जोडले नाही, तर दुप्पट भरावे लागते. उद्यम नोंदणी फुकट आहे. ती आधी करा.

अर्जात एक रकाना असतो: हे नाव केव्हापासून वापरात आहे? इथे लोक अंदाजाने तारीख टाकतात, किंवा अजून धंदा सुरू व्हायचा आहे असे दाखवून मोकळे होतात. वास्तविक दोन माणसांत वाद झाला की आधी वापर कुणाचा, यावरच बरेचसे ठरते. दुसऱ्याची नोंदणी असली तरी त्याच्या वापराच्या आणि नोंदणीच्याही आधीपासून तुमचा अखंड वापर असेल, तर कायद्याचे कलम ३४ तुमच्या बाजूने उभे राहते. मात्र पुरावा लागतो. त्या नावाचे पहिले बिल, प्रेसवाल्याने दिलेले पाऊच छपाईचे बिल, उद्घाटनाची पत्रिका, वर्तमानपत्रातली जाहिरात हे सगळे एका फायलीत ठेवा. छपाईचे बिल विशेष मोलाचे, कारण ते तिऱ्हाइताने दिलेले असते आणि त्यावर तारीख, जीएसटी क्रमांक आणि तुमचे नाव असे सगळे एकत्र सापडते. ते ‘कॅशमध्ये करू, बिल नको’ म्हणून सोडून देऊ नका.

अर्जानंतर तपासणी अहवाल येतो. त्याला एका महिन्यात उत्तर द्यायचे असते. न दिल्यास अर्ज सोडून दिला असे मानले जाते. अहवाल येतो अर्जात दिलेल्या ईमेलवर. अनेकदा तो ईमेल अर्ज भरून देणाऱ्या सायबर कॅफेवाल्याचा किंवा सीएच्या ऑफिसमधल्या, केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या मुलाचा असतो. अर्जात स्वतःचा ईमेल आणि मोबाइल गेला आहे ना, हे डोळ्यांनी पाहा, आणि अर्ज क्रमांक लिहून ठेवा. उत्तर पटले की नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापले जाते, आणि चार महिन्यांत कुणी हरकत घेतली नाही तर नोंदणी होते. तोवर नावापुढे ‘टीएम’ लावायला हरकत नाही. वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंदणीनंतरच; आधी लावणे कायद्याने दंडनीय आहे. बाजारात किती पाकिटांवर तो बिनदिक्कत छापलेला असतो, हा भाग वेगळा.

पेटंट: तोंड मिटून कामाला लागा

बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, हे बाजारात खरे. पेटंटच्या बाबतीत अर्ज होईपर्यंत ते उलटे धरा. अर्जाच्या तारखेआधी जगात कुठेही, कोणत्याही भाषेत ती गोष्ट प्रसिद्ध झाली असेल तर ती नवी राहत नाही, आणि प्रसिद्ध करणारे तुम्ही स्वतः असलात तरी फरक पडत नाही. कांद्याच्या यंत्राचा मालक आधी काय करतो? तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात स्टॉल लावतो, यूट्यूबवर झाकण उघडून आतली यंत्रणा दाखवतो, स्थानिक पेपरात फोटोसह बातमी येते, आणि तीन हंगाम यंत्रे विकून झाल्यावर ‘आता पेटंट घेऊ’ म्हणतो. कायद्यात प्रदर्शनासाठी एक वर्षाची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनालाच. गावोगावच्या प्रदर्शनांना ती लागू नाही. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनीही हे लक्षात घ्यावे: प्रोजेक्टचा पेपर आधी छापून मग पेटंट म्हणजे वरातीमागून घोडे.

स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने लखोटा पाठवून तो न फोडता ठेवणे, किंवा स्टॅम्प पेपरवर शोधाचे वर्णन लिहून नोटरी करणे, हे उपाय अजून सांगितले जातात. त्यांनी पेटंटचा हक्क मिळत नाही. तारीख मिळते ती पेटंट कार्यालयात अर्ज दाखल केल्यावर. आणि त्यासाठी यंत्र पूर्ण व्हायची वाट पाहावी लागत नाही. तात्पुरता, म्हणजे प्रोव्हिजनल अर्ज करून तारीख धरता येते. पूर्ण अर्जासाठी पुढे १२ महिने मिळतात. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्थांना ऑनलाइन दाखल करण्याचे शुल्क १,६०० रुपये आहे. एवढ्या पैशात प्रदर्शनाला निर्धास्त जाता येते. तात्पुरता अर्ज म्हणजे पानभर मोघम लिहिणे नव्हे, एवढे लक्षात ठेवा. जे त्यात वर्णन केले नाही, त्याला ती तारीख मिळत नाही. ड्रॉइंग जोडा, मापे आणि पर्याय लिहा. मराठीत अर्ज चालत नाही. इंग्रजी किंवा हिंदीच लागते.

आता खरा गाभा. पेटंटचे बळ वर्णनात नसते, क्लेममध्ये, म्हणजे नेमका कशावर हक्क सांगितला आहे त्या वाक्यांमध्ये असते. समजा, आपल्या कांद्याच्या यंत्राच्या मालकाने क्लेममध्ये असे लिहिले: ‘दोन रबरी पट्टे एकमेकांपासून हळूहळू लांब जाणारे, मधून कांदा सरकतो आणि आपल्या आकाराच्या जागी खाली पडतो.’ यंत्र अगदी तसेच आहे, म्हणून त्याला वाटते काम झाले. वर्षभराने शेजारच्या तालुक्यातला एकजण रबराऐवजी कॅनव्हास लावतो, किंवा एक पट्टा काढून तिथे फिरता दंडगोल बसवतो, आणि म्हणतो, माझ्याकडे दोन रबरी पट्टे कुठे आहेत? जाणता एजंट हाच क्लेम वेगळा लिहील: अंतर वाढत जाणारे दोन चल पृष्ठभाग, ज्यांपैकी निदान एक लवचीक आहे. मग त्याखाली एकेक पायरी अरुंद करत जाईल: पृष्ठभाग पट्टा आहे, पट्टा रबरी आहे, दोन्ही पट्ट्यांचा वेग वेगळा आहे. वरचा रुंद क्लेम जुन्या कुठल्या दस्तऐवजामुळे पडला, तर खालचा टिकतो. हे लिहिण्याचे कौशल्य असते आणि पैसे द्यायचे ते त्याला. एजंटला ‘किती घ्याल?’ विचारण्याआधी ‘तुम्ही लिहिलेल्या मंजूर पेटंटचे क्लेम दाखवा’ असे म्हणा. पेटंट सार्वजनिक असतात, त्यात लपवण्यासारखे काही नाही. एजंट नोंदणीकृत आहे का, हेही पेटंट कार्यालयाच्या यादीत पाहता येते.

काही गोष्टींना पेटंट मिळतच नाही. ओळखीच्या दोन वस्तू नुसत्या शेजारी जोडल्या, छत्रीला पंखा बसवला, आणि दोन्ही आपापलेच काम करत राहिले तर तो शोध नव्हे. शेतीची पद्धत, रोग्यावर उपचाराची पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्रॅम, परंपरेने चालत आलेले ज्ञान, हे सगळे १९७० च्या पेटंट कायद्याने बाहेर ठेवले आहे. हळदीचे प्रकरण अनेकांना आठवत असेल. हळदीने जखम बरी करण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. प्रत्येक आजीला हे माहीत होते, पण तेवढ्याने भागले नाही. जुने ग्रंथ आणि शोधनिबंध काढून लेखी पुरावे मांडावे लागले, तेव्हा ते पडले. तुमच्या शोधावरही असाच जुना कागद येऊन आदळू शकतो. म्हणून एस्पेसनेट आणि गूगल पेटंट्स या पेटंट शोधण्याच्या संकेतस्थळांवर चार संध्याकाळी घालवा, आणि आपल्या यंत्रासारखी यंत्रे दाखवणारे मराठी-हिंदी व्हिडिओही पाहा. एजंटला पैसे देण्याआधी हे स्वतः केलेले बरे. आपले यंत्र आधीच कुणी केले आहे हे कळले तर वाईट वाटेल, पण पैसे वाचतील.

अर्ज केला की कार्यालय आपोआप तपासणी करेल, असे समजून बसणारे अर्ज घालवतात. तपासणीची विनंती वेगळी करावी लागते, वर सांगितलेल्या गटांना शुल्क ४,०००, आणि १५ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार ती अग्रक्रम तारखेपासून, म्हणजे पहिल्या अर्जाच्या तारखेपासून, ३१ महिन्यांच्या आत. पूर्वी ४८ महिने मिळत. जुने लेख आणि जुने सल्लागार अजून ४८ च सांगतात, सावध राहा. मुदत गेली तर अर्ज मागे घेतला असे धरतात. स्टार्टअप, लघुउद्योग आणि अर्जदारांत निदान एक स्त्री असेल त्यांना जास्त शुल्क भरून जलद तपासणी मागता येते. अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. तपासणी अहवालाला उत्तर द्यायला सहा महिने असतात. पेटंट मिळाल्यावरही तिसऱ्या वर्षापासूनचे वार्षिक शुल्क भरत राहावे लागते, नाहीतर ते गळून पडते.

‘जागतिक पेटंट’ विकणारा कुणी भेटला तर नमस्कार करून उठा. तशी वस्तू नाही. पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांत पीसीटी, म्हणजे पेटंट सहकार्य कराराच्या मार्गाने आंतरराष्ट्रीय अर्ज करता येतो, पण शेवटी पेटंट देशागणिक घ्यावे लागते आणि खर्च लाखांत जातो. जिथे माल विकणार नाही तिथे ते घेऊन करायचे काय? आणखी एक: भारतात राहणाऱ्याने परवानगीशिवाय थेट परदेशात पहिला अर्ज करू नये. आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबावे किंवा परवानगी घ्यावी, नाहीतर इथला हक्कही जातो. अमेरिकेत नातेवाईक आहे, तो तिकडे करून देतो म्हणतो, अशा वेळी हे आठवावे.

पेटंट म्हणजे भांडण्याचा हक्क आहे, आणि भांडण लांबते. पुण्याच्या बजाज ऑटोने दोन स्पार्कप्लगच्या इंजिनावरून टीव्हीएसविरुद्ध २००७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात दावा लावला. मनाई मिळाली, मग उठली, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे दावे लवकर चालवा असे बजावले, आणि दोघांची तडजोड झाली २०१९ मध्ये. एवढा दमसास छोट्या उद्योजकाकडे नसतो. म्हणून दोन हंगामांत जुने होणारे उत्पादन असेल तर पेटंटऐवजी डिझाइन नोंदणी करून, चांगले नाव लावून, भराभर विकणे जास्त शहाणपणाचे.

कागद कुणाच्या नावावर?

लोगो ओळखीच्या मुलाकडून पाच हजारांत करून घेतला. पैसे दिले, म्हणजे लोगो आपला? पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून काढला असेल तर सहसा आपला. बाहेरच्याने काढला असेल तर कॉपीराइट त्याचाच राहण्याचा संभव आहे, जोवर तो लेखी करून दिलेला नाही. आणि करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून बिलाच्या पाठीवर का होईना, ‘या लोगोचे सर्व हक्क कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी, अमुक यांना दिले’ असे लिहून सही घ्या, आणि मूळ फाइलही. सॉफ्टवेअर लिहून देणारा, पाककृतींचे व्हिडिओ काढून देणारा, माहितीपत्रक लिहिणारा, सगळ्यांना हेच. वेबसाइटचे डोमेन ती करून देणाऱ्याने अनेकदा स्वतःच्या खात्यावर घेतलेले असते. ते आपल्या खात्यावर वळवून घ्या, संबंध गोड आहेत तोवरच.

भोसरी किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत ज्यांचे काम चालते त्यांना डायचे दुखणे माहीत आहे. डाय आपल्या पैशाची, पण पडलेली जॉबवर्कवाल्याच्या शेडमध्ये. बिनसले की तो त्याच डायवर दुसऱ्याला माल काढून देतो. पर्चेस ऑर्डरमध्ये डाय, पॅटर्न आणि ड्रॉइंग आपल्या मालकीचे आहेत आणि मागताच परत करायचे आहेत, एवढे लिहा. डायवर आपले नाव कोरून घ्या. पाठवताना डिलिव्हरी चलन करा. ड्रॉइंग फोरमनच्या व्हॉट्सॲपवर फिरत असेल तर कोणताही करार फार कामाचा नाही.

पेटंटच्या अर्जात खरा शोधक कोण ते लिहावेच लागते, आणि मालक म्हणजे शोधक नव्हे. फोरमनने युक्ती काढली असेल तर त्याचे नाव शोधक म्हणून घाला आणि हक्क कंपनीला लेखी करून घ्या. नोकरीत असताना केलेले शोध कंपनीचे, असे आपल्या पेटंट कायद्यात आपोआप होत नाही; नेमणूकपत्रात ते कलम हवे. याउलट ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षे याच धंद्यात काम करणार नाही’ हे कलम सगळे टाकतात, आणि १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे ते टिकत नाही. माणूस जाणारच. तुमचे ड्रॉइंग, गिऱ्हाइकांची यादी आणि भावपत्रक घेऊन जाणार नाही, एवढे गोपनीयतेच्या कराराने रोखता येते.

भागीदारीत आणि घरच्या धंद्यात ट्रेडमार्क थोरल्याच्या नावावर घेण्याची पद्धत आहे, ‘आपलेच तर आहे’ म्हणून. वाटण्या होतात तेव्हा तो नाव घेऊन जातो आणि बाकीच्यांकडे कढया राहतात. नाव फर्मच्या किंवा कंपनीच्या नावे घ्या, आणि फर्म मोडली तर नाव कुणाकडे जाईल हे भागीदारीपत्रात पहिल्याच दिवशी लिहा.

मसाला, चप्पल आणि भात

मसाल्याच्या कृतीला पेटंट मिळत नाही, मिळालेच असते तरी घेऊ नये, कारण त्यासाठी कृती जाहीर करावी लागते. व्यापारी गुपितांसाठी भारतात वेगळा कायदा नाही, तेव्हा गुपित हे करारांनी आणि कामाच्या पद्धतीनेच राखावे लागते. भाजणारी बाई वेगळी, दळणारा वेगळा, आणि दोन-तीन जिन्नसांचे आधीच एकत्र केलेले मिश्रण घरूनच मोजून जाते. असे करणारे कितीतरी जुने मसालेवाले आहेत आणि त्यांचे बरोबर आहे.

जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाबद्दल अपेक्षा फार वाढलेल्या आहेत. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी जीआय मिळाला. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. गदारोळ झाल्यावर कंपनीने भारतीय परंपरेचे ऋण मान्य केले. पण जीआय राखतो ते नाव. भारतात ‘कोल्हापुरी’ म्हणून विकले असते तर कायद्याचा हात पोचला असता. नाव न घेता तसा आकार केला, तर जीआय फारसे काही करू शकत नाही. आणि हापूस, पैठणी, सोलापुरी चादर किंवा गोव्याची फेणी यांच्या उत्पादकांनी हेही पाहावे, की जीआय संस्थेच्या नावे असतो. अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली स्वतंत्र नोंद करून घेतली नाही, तर पेटीवर ती खूण लावण्याचा हक्क आपल्याकडे येत नाही.

शेतकऱ्याने निवडीतून वाण तयार केला तर त्याला पेटंट नाही, पण २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात भाताच्या वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षे वाढवून ‘एचएमटी’ हा वाण काढला. तो अनेक राज्यांत पसरला, कृषी विद्यापीठाने त्यातून पीकेव्ही-एचएमटी प्रसारित केले, २०१० मध्ये फोर्ब्सने त्यांची दखल घेतली, आणि २०१८ मध्ये ते हलाखीतच गेले. वाण बाजारात गेला तेव्हा हा कायदाच नव्हता. आज आहे. शेतकऱ्याला त्यात नोंदणी शुल्क माफ आहे, पिकांना १५ आणि झाडांना व वेलींना १८ वर्षे संरक्षण मिळते. बियाणे वाटण्याआधी कृषी विज्ञान केंद्रात जाऊन याची चौकशी करावी. यंत्रे आणि युक्त्या काढणाऱ्या ग्रामीण शोधकांसाठी नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन पेटंटचा खर्च आणि खटपट स्वतः उचलते. स्टार्टअप म्हणून मान्यता असेल तर केंद्राच्या योजनेत एजंटची फी सरकार देते.

हातात पैसे थोडे असतील तर

पहिले साडेचार हजार नावाच्या मुख्य वर्गावर घाला. यंत्रणा खरोखर नवी वाटत असेल तर तात्पुरत्या पेटंट अर्जाचे शुल्क आणि एजंटची फी वेगळी काढा, आणि त्या १२ महिन्यांत माल खपतो का ते पाहा. न खपल्यास पूर्ण अर्ज करू नका, फार नुकसान नाही. रूप हीच मालाची जान असेल, जसे फर्निचर, दागिने, बाटल्या, तर डिझाइनचा अर्ज बाजारात आणण्याआधी करा. लोगोचा कागद आणि गोपनीयतेचे करार यांना सहीपुरता वेळ आणि थोडासा स्टॅम्प लागतो, तेव्हा ते लांबणीवर टाकायला कारण नाही.

अर्ज प्रसिद्ध झाला की पत्ता सगळ्यांना दिसतो आणि ‘आंतरराष्ट्रीय नोंदवही’त नाव घालण्यासाठी अमुक डॉलर भरा, अशी सरकारी दिसणारी पत्रे येऊ लागतात. ती जाहिरात असते, कधी सरळ फसवणूक. सरकारी शुल्क आयपी इंडियाच्या संकेतस्थळावरूनच भरले जाते.

नोंदणीनंतर पहारा तुमचाच. ट्रेडमार्क जर्नल दर सोमवारी संकेतस्थळावर येते आणि फुकट वाचता येते. आपल्या वर्गाची पाने चाळायला वेळ लागतो, पण कंटाळा करू नका. आपल्यासारखे नाव कुणी टाकलेले दिसले तर चार महिन्यांच्या आत टीएम-ओ अर्जाने हरकत घ्या; शुल्क वर्गागणिक २,७०० रुपये आहे, आणि ही मुदत वाढवून मिळत नाही.